समुद्र नसलेल्या गावातील होड्या

भूमसारख्या तालुक्याच्या गावी मुलांना होड्यांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद लावावा, अशी सूचना कोणी केली तर तिचे स्वागत बहुधा हसूनच होईल. जेथे उन्हाळा लागला की पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू होते, जेथे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी अजूनही घराघरांत सांगितल्या जातात, तेथे होड्या सोडायच्या कोठे आणि सोडायच्या कशासाठी? समुद्र तर येथून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे तीनशे किलोमीटर दूर. होडी कोळ्याच्या पोराने बांधावी, बालाघाटाच्या पोराने फार तर ज्वारीच्या धाटांची बैलगाडी करावी, असा एक अलिखित समज आपल्या मनात घर करून बसला आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. कारण तो इतिहासालाही धरून नाही आणि आजच्या गरजेलाही.

याच धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन काळचे तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे वर्णन करून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते अभ्यासकांना परिचित आहे. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे नमूद आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना पॉम्पेईच्या अवशेषांतील तशाच मूर्तीची आठवण अभ्यासकांना झाली, ती उगाच नव्हे. तेरच्या विणकराने समुद्र पाहिला नसेल. पण त्याच्या कापडाने तो ओलांडला होता.

मराठवाड्यातीलच अजिंठ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. अजिंठाही समुद्रापासून तीनशे किलोमीटरच्याच अंतरावर. तेथील भिंतीवर पाचव्या शतकातील चित्रकाराने शिडांचे एक जहाज रंगवले. त्या चित्रावरून भारतीय नौदलाने अलीकडे खरेखुरे जहाज बांधवून घेतले. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेले हे ‘कौंडिण्य’ जहाज गोव्यात तयार झाले, मे २०२५ मध्ये नौदलात दाखल झाले, त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या हकिकतीतील महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. अशा जहाजाचा आराखडा कोठेही शिल्लक नव्हता. हाती होते ते एक चित्र. म्हणून मद्रासच्या आय.आय.टी.च्या सहकार्याने आधी प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा घेण्यात आली. भिंतीवरचे चित्र आणि समुद्रावरचे जहाज यांच्यामध्ये एक छोटी होडी उभी होती. ज्या कामाला आपण पोरखेळ समजतो ते हे काम.

आणि समुद्रापासून दूर राहून समुद्राचा ध्यास घेता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे स्मरण करावे. १९७८ मध्ये मुंबईत सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था उभी करणारा हा नाविक निवृत्तीनंतर स्थायिक झाला तो फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे पर्जन्यछायेच्या मुलखात. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांचीच कल्पना. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ती प्रत्यक्षात आणली. असो. भूगोलाचा आक्षेप येथेच सोडून देऊ.

खरा प्रश्न भूगोलाचा नाहीच. तो वयाचा आहे. होड्यांच्या प्रतिकृती बांधण्याचा छंद जेथे रुजला, त्या देशांतही तो आज म्हातारा होत चालला आहे. लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानातील गोल तळे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील तलाव ही या छंदाची जुनी तीर्थक्षेत्रे. तेथे एके काळी बाप आणि मुलगा दोघेही गुडघे टेकून शीड वाऱ्याला लावीत. आता तळ्याकाठी दिसतात ती बहुतांशी पांढऱ्या केसांची माणसे, हाती रेडिओ नियंत्रणाची पेटी घेतलेली. नवी मुले येत नाहीत, ही त्यांची कायमची तक्रार. त्यासाठी ते दूरदर्शनला, मग संगणकाला आणि आता भ्रमणध्वनीला दोष देतात. या दोषारोपात तथ्य नाही असे नाही, परंतु त्याने आपली सुटका फार स्वस्तात होते. याच मुलांना क्रिकेटसाठी उन्हातान्हात तासन् तास वेळ मिळतो; तेथे भ्रमणध्वनी आड येत नाही.

मुले दुरावली याचे एक कारण छंदाच्या रचनेतच आहे. ज्येष्ठ छांदिष्टांनी आपली कला इतकी उंचावर नेऊन ठेवली की खालून तिच्यापर्यंत पोहोचण्याची शिडीच उरली नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या युद्धनौकेची प्रतिकृती करायची, तिच्या प्रत्येक तोफेची, प्रत्येक दोराची मापे नकाशावरून घ्यायची, त्यात दोन-दोन वर्षे घालवायची, आणि मग ती काचेच्या पेटीत ठेवायची. ही साधना आहे आणि तिच्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. पण बारा वर्षांच्या मुलाला दाखवायचे पहिले दृश्य हे नव्हे. त्याला होडी संध्याकाळच्या आत पाण्यात हवी असते. आणि तो तिला हात लावू लागला की ‘अरे, शिवू नकोस’ हे पहिले वाक्य त्याच्या कानी पडते. त्यानंतर तो परत आला नाही तर दोष कोणाचा?

आपल्याकडे हा छंद म्हातारा झाला असेही म्हणता येणार नाही, कारण तो नीट वयातच आलेला नाही. राष्ट्रीय छात्रसेनेचा नाविक विभाग १९५२ साली सुरू झाला. त्याच्या नौसैनिक शिबिरांत जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याची स्पर्धा असते: नुसती मांडून ठेवण्याची, यंत्रावर चालणारी आणि शिडावर चालणारी, अशा प्रकारांत. व्यवस्था चांगली आहे, तिच्यातून उत्तम हात तयार झाले आहेत. परंतु नाविक तुकडी जेथे आहे तेथपुरतीच तिची पोच. तालुक्याच्या गावी प्रतिकृती दिसते ती विज्ञान प्रदर्शनात, आणि तिच्याविषयी जितके कमी बोलावे तितके बरे. मोठ्या शहरांच्या बाजारपेठांत ‘प्रोजेक्ट’ तयार मिळतात; पालक ते आणतात, मूल ते टेबलावर मांडते आणि पाठ केलेली चार वाक्ये परीक्षकांना म्हणून दाखवते. जहाज असेल तर त्याला पाणी लागतच नाही. निळ्या घोटीव कागदाच्या समुद्रावर ते वर्षानुवर्षे उभे राहते. हे जहाज तरंगते का, असा प्रश्न कोणी परीक्षकाने विचारल्याचे ऐकिवात नाही.

याच्या अगदी उलट चित्र गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे दरवर्षी पाहावयास मिळते. कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीच्या पात्रात हातांनी बांधलेल्या, दिव्यांनी उजळलेल्या छोट्या नौका सोडल्या जातात. काठावर विठ्ठलाचे मंदिर, त्रिपुरासुरवधाचा सोहळा, आकाशात पूर्ण चंद्र आणि दोन्ही तीरांवर लोटलेली माणसे. नौकांची रीतसर स्पर्धा होते, बक्षिसे दिली जातात, गोवा शासनाचा कला व संस्कृती विभागही या उत्सवाला हातभार लावतो. कोणी जुन्या गलबताचा आकार घेतो, कोणी हंसाचा, कोणी देवळाचा. ओडिशातही त्याच पौर्णिमेला पूर्वजांच्या सागरी प्रवासाची आठवण म्हणून केळीच्या सोपटांच्या आणि कागदाच्या होड्या पाण्यात सोडण्याची प्रथा आहे. कटकच्या बालीयात्रेत २०२२ साली शाळकरी मुलांनी एका बैठकीत बावीस हजारांहून अधिक कागदी होड्या घडवून विक्रम नोंदवला.

विठ्ठलापूरला तरुणांना ‘आकर्षित’ करण्यासाठी कोणी परिसंवाद भरवत नाही. याचे मर्म काय? मर्म असे की तेथे होडीला एक तारीख आहे. ठरलेल्या रात्री ती तयार असलीच पाहिजे. पौर्णिमा कोणासाठी थांबत नाही. दुसरे, तिला प्रेक्षक आहेत, आणि ते परीक्षकांसारखे गुणपत्रक घेऊन उभे नाहीत. तिसरे, ती एकट्याने बांधायची नसते. आळीतली चार पोरे रात्री जागून काम करतात. त्यांत एकाला सुतारकाम येते, एकाला दिव्यांच्या तारा जोडता येतात, आणि चौथ्याला काहीच येत नाही, तरी तो असतो. या चौथ्याकडे आमच्या मते विशेष लक्ष दिले पाहिजे. छंदाचे पुढील वर्षाचे भवितव्य त्याच्याच हाती असते, कारण पुढील वर्षी त्याला काहीतरी येत असते.

भूमला वाळवंटी नदी नाही, हे मान्य. पण पाणी अगदीच नाही असेही नाही. बालाघाटाच्या रांगेमुळे या जिल्ह्याचे पाणी दोन वाटांनी जाते: एक वाट मांजरेतून गोदावरीला, दुसरी सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. दुष्काळी कामांतून मराठवाड्यात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. पावसाळा बरा झाला तर दिवाळीच्या सुमारास ते भरलेले असतात. त्रिपुरी पौर्णिमा त्याच दिवसांत येते. म्हणजे पंचांग आपल्या बाजूचे आहे.

तथापि सुरुवात तलावावर करू नये, आणि शेततळ्यावर तर मुळीच करू नये. २०१६ नंतर शासकीय योजनेतून शेततळी पुष्कळ झाली. त्यांच्या तळाला आणि उतारांना घातलेला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला की शेवाळासारखा निसरडा होतो. त्यात उतरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी वाचाव्या लागतात. होडी वाहत गेली की मूल तिच्यामागे धावणार, हे गृहीत धरूनच जागा निवडली पाहिजे. शाळेच्या अंगणात विटांचा चौथरा रचून त्यात ताडपत्री अंथरली की तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर खोल असा हौद होतो. त्याला पाणी लागते सहाशे लिटर. दुष्काळी गावात सहाशे लिटर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण श्रावणात भरलेला हौद आठवडाभर वापरून तेच पाणी शाळेच्या झाडांना घातले तर कोणाचा घास हिरावला असे होत नाही. उन्हाळ्यात अर्थातच हौद कोरडा राहील आणि तेव्हा होड्या दुरुस्त कराव्यात.

सामानाचा प्रश्न याहून सोपा आहे. परदेशी छांदिष्ट बाल्सा नावाचे हलके लाकूड वापरतात आणि ते महाग पडते. आपल्या बांधावरील घायपाताचा वाळलेला दांडा हलकेपणात फारसा मागे नाही. पांगाऱ्याचे लाकूड सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, कारण ते हलके आणि कोरायला मऊ. डोलकाठीला बांबूची कामटी, शिडाला जुन्या छत्रीचे कापड, नीरमाला, म्हणजे होडी सरळ ठेवण्यासाठी तळाशी घालावयाच्या वजनाला, सायकलच्या दुकानातले टाकाऊ छर्रे. थर्माकोल मात्र नको. राज्यात २०१८ पासून त्याच्यावर निर्बंध आहेत, आणि तलावात त्याचे तुकडे सोडून छंद वाढवण्यात काही अर्थ नाही. पत्र्याची फटफट करणारी बोट तर आपल्या जत्रांतून अनेकांनी लहानपणी घेतलेली असेल: आत वात पेटवली की पाणी नळीत मागेपुढे होऊन ती चालू लागते. तिचे पहिले पेटंट १८९१ साली इंग्लंडात घेतले गेले. हीच बोट टाकाऊ खोक्यांतून कशी करावी हे अरविंद गुप्ता यांनी मुलांना दाखवले आहे. तिच्यात हलणारा एकही भाग नाही, तरी ती का चालते हे नीट समजावून सांगताना पदवीधर शिक्षकालाही घाम फुटतो. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मुलांसमोर घाम फुटणे हे शिक्षणाच्या दृष्टीने हितावहच असते.

शिक्षकांसाठी खरी मेजवानी पुढे आहे. भूमची ख्याती खव्याची. भट्टीवरील लोखंडी कढई येथील प्रत्येक मुलाने पाहिलेली असते. लोखंडाचा गोळा पाण्यात बुडतो आणि त्याच लोखंडाची कढई तरंगते, ही गोष्ट आर्किमिडीजच्या नावाने फळ्यावर लिहिण्याआधी हौदात दाखवता येते. तीस लिटर मावणारी दहा किलोची कढई वीस किलोच्या आसपास ओझे घेऊन तरंगेल. त्याहून अधिक घातले की काठावरून पाणी आत. हे गणित मुलांनी आधी वहीत करावे आणि मग विटा मोजून पडताळावे. कृष्णाकाठी गुळाच्या काहिलीत बसून लोक नदी ओलांडत आणि पुराच्या वेळी त्याच काहिली उपयोगी पडत, हे त्यांना त्यानंतर सांगावे. मग ती नुसती गोष्ट राहत नाही.

कढईनंतर होडी. मुलाची पहिली होडी हटकून कलंडते, कारण तो डोलकाठी उंच करतो, वर झेंडा लावतो आणि तळाशी वजन घालायला विसरतो. त्याला हसू नये. स्वीडनच्या राजाची ‘वासा’ ही युद्धनौका १६२८ साली पहिल्याच प्रवासाला निघून दीड किलोमीटर जाण्याच्या आतच याच कारणाने बुडाली. वर तोफांचा भार फार आणि खाली नीरम अपुरे. १९६१ मध्ये ती समुद्रतळातून वर काढली आणि आज तिला पाहायला जगभरचे लोक जातात. राजाच्या कारागिरांनी जी चूक केली ती आठवीच्या मुलाने केली तर त्याने योग्य मार्गाने आरंभ केला असे म्हणावे.

पुढचा धडा प्रमाणाचा. एक हजार टनांच्या जहाजाची शंभरास एक या प्रमाणात प्रतिकृती केली तर तिचे वजन किती असावे? मुले दहा टन म्हणतात. उत्तर आहे एक किलो. कारण लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही शंभर पटींनी घटल्या की वजन दहा लाख पटींनी घटते. वेगाचा नियम आणखी निराळा. खरे जहाज वीस नॉटने जात असेल तर ही प्रतिकृती दोन नॉटने ओढली असता तिच्याभोवती तशाच लाटा उठतात. हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने प्रस्थापित केला. त्यासाठी त्याने १८६७ साली डार्ट नदीत दोन वेगवेगळ्या घडणीच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि पुढे घराजवळ टॉर्की येथे त्या कामासाठी लांब हौदच बांधून घेतला. त्याच्या विद्वान समकालीनांत या ‘खेळण्यांवर’ विश्वास न ठेवणारे होते. आज विशाखापट्टणमला नौदलाच्या प्रयोगशाळेत अशाच हौदात प्रतिकृती ओढल्या जातात, आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, जे १९१६ पासून काम करीत आहे, बंदरांच्या प्रतिकृती मांडून लाटांचा अभ्यास होतो. भूमहून सहलीला जाणाऱ्या बसगाड्या पुण्याला जातातच. शनिवारवाड्यासोबत खडकवासल्याला परवानगी मागून पाहायला हरकत नाही.

हे सर्व झाले विज्ञान. पण गेल्या काही वर्षांत या भागाला होडीचा संबंध फार कठोर रीतीने कळून आला. २०२५ च्या सप्टेंबरात भूम आणि परंडा तालुक्यांवर जो पाऊस कोसळला त्याने शेते खरवडून नेली, गोठ्यातील जनावरे दावणीलाच दगावली, घरांत पाणी शिरले. अडकलेल्यांना काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी बाहेरून आणाव्या लागल्या. लष्कराचे हेलिकॉप्टर उतरले. पाण्याअभावी टाहो फोडणाऱ्या मुलखात पाण्यानेच माणसे छपरावर चढवली. शाळेच्या हौदातील बारा इंची होडीने पुरातून कोणाची सुटका होणार नाही, हे सांगायला नको, आणि तसा दावा करणारा माणूस विश्वासास पात्र नाही. तरीही वाहत्या पाण्याचा जोर किती असतो, ओझे एका बाजूला गेले की नाव कशी उलटते, दोर कोठे बांधावा, हे ज्या पिढीने हाताने कधी अनुभवले नाही तिची पाण्याविषयीची भीती आंधळी असते आणि धाडसही आंधळेच असते. पुरात पुलावरून गाडी घालणारा तरुण भित्रा नसतो. त्याला पाण्याचे वजन ठाऊक नसते.

शिकवायचे कोणी, हा प्रश्न उरतो. शिक्षकांवर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे आहेत, त्यांत होडीची भर नको, ही तक्रार रास्त आहे. पण येथे शिक्षकाने सर्व काही जाणणे अपेक्षितच नाही. गावात सुतार आहेत, पत्र्याचे डबे झाळणारे आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेले तरुण आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, ते स्थानिक कारागिरांकडून काही शिकण्यासाठीच. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून जी पद्धत रुजवली तिचाही गाभा हाच: गावाच्या गरजेची कामे हाताने करता करता शिकायचे. कार्यानुभवाच्या तासाला आपल्या बहुसंख्य शाळांतून आज कागदी फुले होतात किंवा गणिताचा राहिलेला अभ्यासक्रम पुरा होतो. त्या तासाला होडी बसू शकते. सुताराने वर्गात येऊन रंधा कसा धरावा हे दाखवले, तर ज्यांचे वडील सुतार आहेत त्या मुलांची मान वर्गात प्रथमच थोडी उंच होईल. हा लाभ कोणत्याही प्रदर्शनाच्या ढालीपेक्षा मोठा आहे असे आम्ही मानतो.

मुलींना यातून वगळण्याची चूक होण्याचा संभव आहे, म्हणून वेगळे सांगावे लागते. ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली ती नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी. शीड शिवणे मुलींनी आणि करवत चालवणे मुलांनी, अशी वाटणी शाळेने पहिल्या दिवशीच मोडून काढावी.

पालक विचारतील, याने गुण किती मिळणार? उत्तर प्रामाणिक द्यावे: बहुधा शून्य. जहाजबांधणीचे शास्त्र खरगपूरला, मद्रासला, कोचीनला शिकवले जाते आणि एखादे मूल तेथवर जाईलही. पण शंभरांतील नव्व्याण्णव जाणार नाहीत. ते शिक्षक होतील, कारकून होतील, खव्याची भट्टी चालवतील. छंदाला नोकरीचे आमिष जोडले की छंद जातो आणि नोकरीही येत नाही. चित्रकलेच्या परीक्षांचे वाढीव गुणांसाठी काय झाले ते आपण पाहत आहोतच.

मग भूमच्या शाळांनी आणि महाविद्यालयाने करावे काय? एक नियम पुरेसा आहे, आणि तो परदेशातील एका छोट्या नौकांच्या वर्गाकडून उसना घेता येईल. त्या वर्गाची होडी बारा इंच लांब, सहा इंच रुंद आणि बारा इंच खोल अशा खोक्यात मावली पाहिजे. शीड आणि सुकाणू यांच्या सवलती सोडल्या तर बाकी सर्व मोकळे. नियम मिनिटात कळतो, खोके दहा मिनिटांत तयार होते, वाद घालायला जागा उरत नाही. पहिली होडी एका दुपारी पुरी व्हावी आणि त्याच संध्याकाळी पाण्यात जावी. तिला रंग नसला तरी चालेल. पालकांनी होडीला हात लावला तर ती पालकांच्या वेगळ्या स्पर्धेत घालावी. त्या स्पर्धेला गर्दी होईल अशी आमची अटकळ आहे.

आणि त्रिपुरी पौर्णिमेला, पाऊस झाला असेल तर, जवळच्या एखाद्या पाझर तलावाच्या उथळ काठावर, दोर लावून आखलेल्या जागेत, पोहणारी चार माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी करून, गावासमोर या होड्या सोडाव्यात. पाऊस झाला नसेल तर शाळेच्या हौदात. बक्षीस म्हणून ढाल देऊ नये. करवत, रंधा, पटाशी, हातड्रिल अशी हत्यारे द्यावीत, म्हणजे पुढील वर्षीच्या होड्यांची तयारी त्याच रात्री होते. बुडालेल्या होड्या काठावर वेगळ्या मांडाव्यात, त्यांच्याशेजारी त्या का बुडाल्या याची चिठ्ठी मुलांनी स्वतःच्या अक्षरात लावावी, आणि पुढील वर्षी पहिली होडी पाण्यात सोडण्याचा मान त्यांतल्याच एखाद्याला द्यावा.